कुलूप फोडलेलंच नाही

डोंगरातले बंडखोर रेल्वेचे रूळ उडवतात. कप्तान विदाल आपली तुकडी घेऊन तिकडे धावतो, आणि तेवढ्या वेळात इकडे जुन्या गिरणीतलं धान्याचं कोठार रिकामं होतं. परतल्यावर तो कोठाराच्या दाराशी येतो आणि कुलूप बघतो. कुलूप शाबूत आहे. कोयंडा उचकटलेला नाही, कुठे ओरखडाही नाही. किल्ली एकच आहे असं सांगून घरकाम सांभाळणाऱ्या मेर्सेदेसनं ती पूर्वीच त्याच्या हवाली केलेली. म्हणजे दुसरी किल्ली आहे, आणि ती घरातच कुणाकडे तरी आहे.

गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाच्या २००६ सालच्या ‘पॅन्स लॅबिरिन्थ’मधली ही जागा. याच चित्रपटात थोडं आधी ओफेलिया नावाची कप्तानाची सावत्र मुलगी अंजिराच्या म्हाताऱ्या झाडाच्या पोटात शिरते, चिखलातून रांगत जाते, आणि तिथल्या अजस्र बेडकाच्या पोटातून एक किल्ली काढून आणते. एक किल्ली परीकथेतली, दुसरी युद्धातली. कुठलंही पात्र या दोन किल्ल्यांचा संबंध जोडून दाखवत नाही, दोन्हींवर एकसारखं संगीत वाजत नाही. पण दोन्ही किल्ल्या एकच काम करतात: ज्याच्या पोटात सगळ्यांचं अन्न अडकलंय, त्याचं पोट उघडतात. बेडूक झाडाच्या मुळाशी बसून झाड वाळवतोय. कप्तान कोठारावर बसून गाव वाळवतोय.

युद्धाची पार्श्वभूमी असलेल्या काळ्या परीकथांबद्दल बोलताना ‘प्रतीक’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. राक्षस म्हणजे हुकूमशाही, मुलगी म्हणजे निरागसता, जंगल म्हणजे मन, अशी उत्तरं चटकन देता येतात आणि ती चुकीचीही नसतात. पण त्यांतून चित्रपट कसा चालतो हे कळत नाही. माझ्या मते चांगल्या काळ्या परीकथेतलं प्रतीक युद्धावर पांघरूण घालायला आलेलं नसतं. युद्धातल्या एखाद्या खऱ्या वस्तूचं माप घेऊन ते शिवलेलं असतं. माप चुकलं की प्रतीक ढगळ होतं, आणि ढगळ प्रतीक प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

माप कसं घेतात ते बघायचं तर दोन टेबलं शेजारी ठेवावीत. पहिलं कप्तानाचं. पाऊस पडतोय, आत जेवणावळ चालू आहे. कप्तान टेबलाच्या टोकाला, त्याच्या पाठीमागे शेकोटी. पाहुण्यांत गावचा प्रमुख आहे, पाद्री आहे, त्यांच्या बायका आहेत. ताटं भरलेली, आणि भरल्या ताटावरच कप्तान सांगतो की यापुढे एका कुटुंबाला एकच रेशनकार्ड मिळेल. पाद्री मान डोलावतो. जपून वापरलं तर एक पुरेल म्हणतो. दुसरं टेबल भिंतीवर खडूनं दार काढून ओफेलिया ज्या दालनात उतरते तिथलं. लांबलचक टेबल, मांस, फळं, जेली, सगळं ताजं. टोकाला एक फिकट, लोंबत्या कातडीचा प्राणी निश्चल बसलेला, त्याच्याही पाठीमागे शेकोटी. डोळे चेहऱ्यावर नाहीत, समोरच्या बशीत आहेत. भिंतींवर तो लहान मुलांना कसा खातो त्याची चित्रं, आणि कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग.

हा बुटांचा ढीग कुणालाही कुठल्याही परीकथेतला वाटणार नाही. नाझी छळछावण्यांतून मागे राहिलेल्या बुटांचे ढीग जगानं फोटोंत पाहिलेत. देल तोरोनं तो ढीग मोठा करून दाखवलेला नाही, कॅमेरा त्यावर रेंगाळतही नाही. दोन टेबलांची मांडणी, शेकोटीची जागा आणि यजमानाचं टोकाला बसणं इतकं जुळतं की फिकट प्राणी कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो कप्तानाच्या जेवणावळीतूनच उठून आलाय. प्रतीकाचं माप घेणं म्हणजे हेच: बैठक, दिवा, ताट, अंतर.

आता ती द्राक्षं. चक्रव्यूहात राहणारा फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बकरा असा वनदेव, ओफेलियाला भूमिगत राज्याची राजकन्या म्हणतो आणि पौर्णिमेआधी पार करायच्या तीन परीक्षा देतो. या परीक्षेआधी त्यानं बजावलेलं असतं की तिथलं काही खाऊ नकोस. ओफेलिया दोन द्राक्षं खाते, प्राणी जागा होतो, आणि तिच्याबरोबरच्या तीन पऱ्यांपैकी दोघी जीव गमावतात. एवढं सांगूनही मुलीनं का खाल्लं, पटकथेची सोय म्हणून का, असा आक्षेप बऱ्याच जणांकडून ऐकू येतो. उत्तर स्पेनच्या इतिहासात आहे. यादवी युद्ध १९३६ ते १९३९ चाललं आणि ते जिंकून फ्रँको हुकूमशहा झाला. १९३९ मध्ये सुरू झालेलं अन्नाचं रेशनिंग १९५२ पर्यंत संपलं नाही. चित्रपटातलं साल १९४४. गिरणीच्या अंगणात सैनिक गावकऱ्यांना पाव वाटतात आणि वाटताना ओरडून सांगतात की फ्रँकोच्या स्पेनमध्ये चुलीविना आणि पावाविना एकही घर नाही. ती घोषणा पटकथाकारानं रचलेली नाही, फ्रँकोच्या राजवटीच्या प्रचारातलीच ती. कपडे चिखलात घातले म्हणून या मुलीला आईनं एका रात्री उपाशी झोपवलेलं आहे. टंचाईच्या वर्षातल्या मुलापुढे भरलेलं टेबल ठेवा आणि हात लावू नको म्हणा. तिनं खाल्लं नसतं तरच ती परीकथेतली मुलगी ठरली असती.

त्याच दालनात त्याआधी दुसरी एक गोष्ट घडलेली असते, ती सहज निसटते. भिंतीत तीन छोटी दारं आहेत. पऱ्या एका दाराकडे बोट दाखवतात, ओफेलिया त्यांचं न ऐकता दुसरं उघडते आणि ते बरोबर निघतं. जो आणायला तिला पाठवलेलं असतं तो सुरा तिथेच असतो. म्हणजे काही मिनिटांच्या अंतरानं तिनं दोनदा अवज्ञा केली: एकदा स्वतःच्या नजरेवर विसंबून, एकदा भुकेपोटी. पहिलीनं सुरा मिळाला, दुसरीनं दोघींचा जीव गेला. हा चित्रपट अवज्ञेचा गौरव करतो असं सरसकट म्हटलं जातं ते मला म्हणूनच अपुरं वाटतं. अवज्ञेची किंमत कोण मोजतं याचा हिशेब तो ठेवतो. पुढे डॉक्टर फेरेइरो तुरुंगातल्या बंडखोराला कप्तानाच्या हुकुमाविरुद्ध वेदनांतून सोडवतो आणि पाठीत गोळी खातो. शेवटी ओफेलिया तान्ह्या भावाला फॉनच्या हाती द्यायला नकार देते. त्या नकाराची किंमत मोजायला तिच्यापुढे पऱ्या नसतात, ती स्वतःच असते.

गोव्यात बसून हा चित्रपट पाहणाऱ्यानं १९४४ हे साल जरा जवळून बघावं. स्पेनमध्ये फ्रँको होता तेव्हा शेजारच्या पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझार होता, आणि गोवा सालाझारच्या पोर्तुगालकडे होता. यादवी युद्धात सालाझारनं फ्रँकोला साथ दिली. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या बादाहोसच्या कत्तलीतून जीव वाचवून सीमा ओलांडलेल्या लोकांना पोर्तुगीज पोलिसांनी पकडून परत फ्रँकोच्या माणसांच्या हाती दिलं. १९३९ मध्ये दोन्ही राजवटींनी मैत्रीचा करार केला. युद्धात पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून गोवा शांत होता, हे अर्धंच खरं. ९ मार्च १९४३ च्या रात्री कोलकात्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या एका टोळीनं मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला चढवला, आणि खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. बाहेरचं युद्ध असं एका रात्रीपुरतं आलं आणि गेलं. आतलं मात्र रोजचं होतं. छापायची प्रत्येक ओळ सेन्सॉरकडून जायची, लग्नपत्रिकासुद्धा. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली. त्यानंतर गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना पकडून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. अस्नोड्याचे स्वातंत्र्यसैनिक बाळा राया मापारी १९५५ मध्ये पोलिसांच्या छळात मरण पावले.

हे सगळं आठवून विदालच्या चौकशीचा प्रसंग पाहिला की तो वेगळा दिसतो. पकडलेला माणूस तोतरा आहे. न अडखळता तीनपर्यंत मोजून दाखव, सोडून देतो, असं कप्तान त्याला सांगतो. तो एक म्हणतो, दोन म्हणतो, तीनवर अडतो. त्याआधी कप्तानानं हत्यारं एकेक करून टेबलावर मांडलेली असतात, आणि कुठल्या हत्यारापाशी आपण दोघं कसे बोलायला लागू हे शिक्षकासारखं समजावून सांगितलेलं असतं. प्रत्यक्ष छळ चित्रपट दाखवत नाही. दाखवतो ती हत्यारांची मांडणी, आणि नंतरचा हात. हिंसा कुठे दाखवायची आणि कुठे दार लावून घ्यायचं, याचा इतका काटेकोर निर्णय मी फार थोड्या युद्धपटांत पाहिलाय. कारण सरळ आहे. काही गोष्टी पूर्ण दाखवल्या की प्रेक्षक डोळे मिटतो, आणि डोळे मिटलेल्या प्रेक्षकाला पुढचं काहीच दिसत नाही.

एक प्रसंग मात्र तो पूर्ण दाखवतो. रात्री एका बापलेकाला पकडून आणतात. आम्ही सशांच्या शिकारीला निघालो होतो, असं ते सांगतात. कप्तान मुलाच्या तोंडावर बाटलीचा बूड मारत राहतो, बापाला गोळी घालतो, मग मुलालाही संपवतो. त्यानंतर पिशवी तपासतो. आत ससे असतात. आपल्याला उठवण्याआधी पिशवी नीट बघत चला, असं तो शिपायांना सुनावतो. ते ससे स्वयंपाकघरात जातात, आणि ते कोवळे आहेत, रस्सा बरा होईल, इतपत बोलणं त्यांच्यावर होतं. या प्रसंगात परी नाही, फॉन नाही, रूपक नाही. काळ्या परीकथेला अशी एक तरी जागा लागते जिथे काहीच जादूचं नसतं. ती नसली तर बाकीचे राक्षस नुसते पोशाखातले राक्षस उरतात.

हा प्रसंग पाहताना गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावचा चोरोत्सव आठवणं साहजिक आहे. निरपराध माणसांना चोर समजून मारलं गेलं, अशी त्यामागची कथा. शिगम्यात, म्हणजे होळीच्या दिवसांतल्या उत्सवात, गावातले तरुण ‘चोर’ होतात आणि त्यांना जमिनीत पुरलेलं दाखवतात. चुकून मारलेल्या माणसांची आठवण लेखी राहत नाही, मारणाऱ्यांना ती नको असते. म्हणून गावानं ती मातीत, अंगावर, वर्षातून एकदा ठेवली. देल तोरोनं ससे ठेवले. दोन्हीकडे आठवण ठेवायची रीत एकच: कुणाच्या मृत्यूबद्दल भाषण नाही, एक ठळक, हातात धरता येईल अशी गोष्ट.

फॉनच्या बाबतीतही आपण थोडे पुढे आहोत असं मला वाटतं. पाश्चात्त्य समीक्षा वर्षानुवर्षं विचारते की हा फॉन चांगला की वाईट. इंग्रजी नावामुळे घोळ आणखी वाढला. मूळ स्पॅनिश नावात पॅन हा देव नाहीच, नुसता ‘फॉनचा चक्रव्यूह’ आहे. पण ज्यानं लहानपणी देवचाराबद्दल ऐकलंय त्याला हा प्रश्नच पडत नाही. देवचार सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, रात्री वाट चुकलेल्याला चूड दाखवून घरी पोचवणारा, आणि नैवेद्याचा रोट द्यायला विसरलात तर वाट चुकवणाराही. डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीनंतर गडे म्हणवणारे भक्त रात्री त्याच्याच चुडीमागे रानात धावतात अशी श्रद्धा आहे. त्याच्याशी माणसाचं नातं प्रेमाचं नाही आणि वैराचंही नाही, ते व्यवहाराचं आणि धाकाचं आहे. फॉन तसाच. तो मुलीला राजकन्या म्हणतो, गोड बोलतो, आणि त्याच वेळी कच्चं मांस फाडून खातो. तो सुरुवातीला म्हातारा, शेवाळलेला, सांधे करकरणारा असतो, आणि चित्रपट पुढे सरकतो तसा तरुण होत जातो. आपली मागणी जसजशी पुढे रेटतो तसतसा तो देखणा होतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही ही शंका शेवटपर्यंत वाढत राहते.

हा फॉन घडवला कसा तेही सांगायला हवं, कारण प्रतीक कागदावर सुचतं पण उभं राहतं ते रबर आणि लाकडात. डग जोन्स या अभिनेत्यानं फॉन आणि फिकट प्राणी ही दोन्ही पात्रं केली. एकाच अंगानं दोन्ही केल्यामुळे दोघांच्या हालचालीत एक न सांगता येणारा सारखेपणा आलाय. फॉनचा साज चढवायला पाच तास लागायचे. शिंगांचंच वजन साडेचार किलोच्या आसपास. कान दूरनियंत्रणानं हलायचे. पाय बकऱ्याचे हवेत, म्हणून त्याच्या स्वतःच्या पायांवर हिरवं कापड होतं आणि पुढे खोटे पाय जोडलेले. नंतर संगणकावर त्याचे खरे पाय पुसले. फिकट प्राण्याच्या मुखवट्यात त्याला नाकपुड्यांतून बघावं लागायचं. स्पॅनिश येत नसताना त्यानं सगळे संवाद पाठ करून म्हटले. आवाज नंतर दुसऱ्याचा बसवला, पण ओठ जुळले ते त्या पाठांतरामुळे. सगळा चित्रपट सुमारे १.९ कोटी डॉलरमध्ये झाला, आणि रूपसज्जा, कलादिग्दर्शन, छायाचित्रण अशी तीन ऑस्कर घेऊन गेला. तिन्ही पारितोषिकं हातानं करायच्या कामांची.

आपल्या शिगम्यातल्या घोडेमोडणी या नाचात नेमकी हीच युक्ती आहे, म्हणून हे इतकं तपशिलात लिहिलं. नाचणाऱ्याच्या कमरेला घोड्याचं धड बांधलेलं, खाली कापडाचा घेर, हातात तलवार. पाय माणसाचे, पण बघणाऱ्याला ते घोड्याचे वाटतात. आणि हा नाच सत्तरीच्या राणे घराण्याच्या लढायांची आठवण म्हणून नाचला जातो. दिपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला त्या परंपरेतली. युद्धाची आठवण, अर्धा माणूस आणि अर्धा प्राणी, तिन्ही एका अंगावर. गोव्यातल्या ज्या मुलांना काळी परीकथा करून बघायची आहे त्यांनी परदेशी राक्षसांची चित्रं उतरवत बसण्यापेक्षा शिगम्याच्या रात्री घोडेमोडणीच्या नाचणाऱ्याच्या गुडघ्याकडे नुसतं बघत राहावं. घोडा गुडघ्यातून तयार होतो.

करून बघणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. वास्तव आणि जादू यांचे रंग वेगळे ठेवायचे, हे देल तोरो आणि छायाचित्रकार गिलेर्मो नाव्हारो यांनी पाळलं: कप्तानाच्या जगात निळसर हिरवा गारवा आणि सरळ रेषा, जमिनीखालच्या जगात मधासारखा सोनेरी उजेड आणि गोलाई. पुढे पुढे हे दोन्ही एकमेकांत झिरपतात. हे नंतर संगणकावर निळा रंग ओतून होत नाही. सत्तरीतल्या एखाद्या जुन्या घरात, चिऱ्याच्या भिंती, शिंपल्यांची खिडकी, बाहेर जुलैची संध्याकाळ, आत रॉकेलचा दिवा, असं दृश्य घेताना कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते माप) ४००० केल्विनच्या आसपास धरलं तर खिडकी आपोआप निळी होते आणि दिवा आपोआप सोनेरी. दिव्याची ज्योत १९०० केल्विनच्या जवळ असते, ढगाळ उजेड ६००० च्या वर. मधला आकडा धरला की दोन्ही जगं एकाच चौकटीत येतात. कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला तर तो दोघांना सारखं करायला धडपडतो आणि सगळं राखाडी होतं. नवख्यांची अर्धी दृश्यं तिथेच फसतात. पावसाचंही तसंच: उजेड समोरून टाकला तर पाऊस दिसतच नाही. दिवा मागे, झाडाआड ठेवला तरच धारा उमटतात.

एका जगातून दुसऱ्यात जायला या चित्रपटात बऱ्याच ठिकाणी कॅमेरा झाडाच्या खोडामागून सरकतो आणि पलीकडे वेगळंच दृश्य निघतं. करायला स्वस्त आणि परिणामाला जबरदस्त. खोडानं पूर्ण चौकट भरलेल्या निदान तीनचार फ्रेम हव्यात, आणि दुसऱ्या दृश्याची सुरुवातही तशाच काळोख्या खोडापासून, त्याच वेगानं, त्याच दिशेनं, त्याच लेन्सवर. वेग थोडा जरी बदलला तरी डोळ्याला हिसका बसतो. मात्र युक्तीपेक्षा तिचा अर्थ महत्त्वाचा. इथे विरघळत जाणारा धूसर ‘स्वप्नातला’ कट नाही. दोन्ही जगं एकाच जंगलात, एका खोडाच्या अंतरावर आहेत.

चुकतं ते बहुतेक वेळा याच्या उलट केल्यानं. सगळं मुलीच्या मनात होतं असा खुलासा शेवटी दिला की आधीच्या दीड तासाचं मोल जातं. राक्षस कथेत काहीच काम करत नसेल, नुसताच अधूनमधून येऊन घाबरवत असेल, तरी तेच होतं. प्रतीक काढून टाकल्यावर कथानक अडतं का, हे विचारून बघावं. ओफेलियाच्या आईच्या पलंगाखाली दुधाच्या वाडग्यात ठेवलेलं मँड्रेकचं मूळ काढून बघा. रोज दोन थेंब रक्तावर ते मूळ जगतं आणि आईचा ताप उतरतो. कप्तानाला ते सापडतं, जगात जादू नसते असं सांगून आई ते आगीत टाकते, मूळ तान्ह्या बाळासारखं किंचाळतं, आणि आईच्या कळा सुरू होतात. आई त्यातच जाते. त्या मुळानं कथेत भार उचललेला आहे. सर्वांत मोठी चूक मात्र माणसाला राक्षस ठरवणं ही. विदालला शिंगं दिली असती तर त्याची सगळी जबाबदारी त्या शिंगांवर गेली असती. तो नीटनेटका आहे. बूट स्वतः घासतो, वस्तऱ्यानं दाढी करतो, कॉफी जळकी लागली तर बोलून दाखवतो. गिरणीतल्या त्याच्या खोलीच्या मागे लाकडी दातेरी चक्रं आहेत, जणू तो घड्याळाच्या आतच राहतो.

त्या घड्याळाची गोष्ट सांगायलाच हवी. विदालचा बाप सैन्यात होता, मोरोक्कोत मेला. मरताना त्यानं आपलं घड्याळ दगडावर आपटून फोडलं, म्हणजे शूर माणूस कधी आणि कसा मरतो हे मुलाला कळावं. जेवणाच्या टेबलावर एक पाहुणा ही कथा काढतो तेव्हा विदाल म्हणतो की आपल्या बापाकडे घड्याळ नव्हतंच. आणि रात्री एकटा असताना तेच घड्याळ, काच तडकलेलं, तो तेल घालून, पुसून, किल्ली देऊन चालवतो. एवढ्या एका वस्तूत सत्तेची वंशावळ बसलीय. भूमिगत राज्य, तीन परीक्षा, पौर्णिमेची मुदत हे सगळं मुलीच्या बाजूला. या बाजूला एक तडकलेली काच. दोघंही वेळेच्या आत काहीतरी पूर्ण करायला धडपडतायत. चित्रपटाच्या शेवटी बंडखोरांनी वेढल्यावर विदाल मूल मेर्सेदेसच्या हाती देतो, घड्याळ काढतो आणि बाप किती वाजता मेला ते मुलाला सांगा असं म्हणायला जातो. ती मधेच तोडते: त्याला तुझं नावही कळणार नाही.

स्पेनमध्ये हे एकदम उगवलं नाही. व्हिक्टर एरिसे यांचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ १९७३ मध्ये, फ्रँको हयात असताना आला. १९४० सालचं कास्तिलियन खेडं, फिरत्या सिनेमावाल्यानं आणलेला फ्रँकेन्स्टाइन, आणि पडद्यावरचा राक्षस खरा मानणारी एक लहान मुलगी. घराच्या खिडक्यांची तावदानं मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी, उजेड पिवळा आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. सेन्सॉर असताना प्रतीक हा आडोसा असतो, म्हणून तिथलं प्रतीक पुटपुटतं. देल तोरोचा चित्रपट फ्रँको गेल्यावर तीस वर्षांनी आला. त्याला लपायचं कारण नव्हतं, म्हणून त्यातलं प्रतीक आणि बंदूक एकाच उजेडात उभी राहू शकली. इराण-इराक युद्धावर बाबाक अन्वारी यांनी २०१६ मध्ये केलेल्या ‘अंडर द शॅडो’त हीच रीत घरातल्या चिकटपट्टीवर येते. १९८८ चं तेहरान, बॉम्बच्या धक्क्यानं काचा उडू नयेत म्हणून खिडक्यांवर फुल्या मारलेल्या, आणि वरच्या मजल्यात घुसलेलं न फुटलेलं क्षेपणास्त्र. छताला तडा जातो आणि त्या तड्यातून जिन्न येतो. चिकटपट्टी फक्त काचेसाठी असते. भीतीला रस्ता तिथूनच मिळतो.

आणि शेवटी अंजिराचं झाड. बेडूक मेल्यावर झाडाला पुन्हा बहर येईल असं फॉननं दिलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चित्रपटाच्या अगदी शेवटच्या दृश्यात वाळक्या फांदीवर एक पांढरं फूल उमलतं आणि पहिल्यांदा परी झालेला तो काटकीसारखा किडा येऊन त्याच्याकडे बघतो. अंजिराला असं फूल येत नाही. त्याची फुलं फळाच्या आत, बंद पोटात असतात, ती बाहेरून कुणाला दिसत नाहीत. उंबर अंजिराच्याच कुळातला, त्याचंही तसंच. म्हणून क्वचित दृष्टीस पडणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते दृश्य चुकलेलं आहे. मराठी माणसाला मात्र ते कुणी समजावून सांगायला नको: मुलगी चक्रव्यूहात रक्तात पडलीय, इकडे अंजिराच्या फांदीवर उंबराचं फूल आलंय, आणि ते बघायला एक किडा आहे.